शुश्रूषा आणि सांस्कृतिक सुरक्षितता : एका प्रश्नाचा इतिहास

‘शुश्रूषा’ हा शब्द आपण मराठीत ‘सेवा’ या शब्दाला जोडून इतक्या सवयीने वापरतो की त्याच्या पोटात ‘श्रु’ हा ऐकण्याचा धातू आहे, याचे भान सहसा राहत नाही. संस्कृत व्याकरणाच्या दृष्टीने हे इच्छार्थक रूप होय. ऐकण्याची इच्छा हा त्याचा मूळ अर्थ. गुरूचे ऐकू इच्छिणारा तो शुश्रूषु. जो ऐकतो तो आज्ञेत राहतो, आज्ञेत राहतो तो सेवा करतो, अशा वाटेने हा शब्द सेवेपर्यंत आणि पुढे आजाऱ्याच्या उशापर्यंत आला. या प्रवासात ऐकणे मागे पडले व करणे उरले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परिचर्याशास्त्रात रुग्णांच्या अनुभवांचे आणि त्यांच्या संस्कृतीचे जे संशोधन सुरू झाले, त्याकडे साहित्याच्या अभ्यासकांनीही पाहावे असे आम्हाला वाटते ते याच कारणाने. तेथील वाद ऐकण्याविषयीचाच आहे : कोणी कोणाचे ऐकायचे, ऐकलेल्याचा अर्थ कोणी लावायचा, आणि लावलेला अर्थ बरोबर की चूक हे कोणी ठरवायचे. समीक्षेला हे प्रश्न नवे नाहीत. फरक एवढाच की येथे चुकीच्या वाचनाची किंमत रुग्णाला मोजावी लागते.

या वादाचा आरंभ बहुधा मॅडेलिन लायनिंगर या अमेरिकन परिचारिकेपासून सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. नेब्रास्कातील सटन या लहान गावी १९२५ साली जन्मलेल्या लायनिंगर १९५०च्या दशकात सिनसिनाटी येथे मनोविकारग्रस्त मुलांच्या शुश्रूषेचे काम करीत होत्या. वेगवेगळ्या समाजांतून आलेली मुले एकाच प्रकारच्या काळजीला वेगवेगळा प्रतिसाद देतात, एकाला जी माया वाटते ती दुसऱ्याला आगळीक वाटते, हे त्यांच्या लक्षात आले. आणि आपण घेतलेल्या शिक्षणात या गोष्टीला जागाच नव्हती, हेही. परिचारिकेने मानववंशशास्त्राची पदवी घ्यावी असा तेव्हा प्रघात नव्हता. त्यांनी ती घेतली. न्यू गिनीच्या पूर्वेकडील डोंगराळ मुलखात गाडसुप लोकांमध्ये त्या जाऊन राहिल्या, आणि १९६५ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांना मिळाली. १९७० साली परिचर्या आणि मानववंशशास्त्र या दोन जगांचा मेळ घालणारे त्यांचे पुस्तक आले, १९७४ मध्ये आंतरसांस्कृतिक परिचर्येची संस्था उभी राहिली, पुढे नियतकालिकही निघाले. रुग्णाच्या चालीरीती जपाव्यात, आवश्यक तेथे त्यांच्याशी तडजोड करावी, आणि अपायकारक असतील तेथे रुग्णाच्या संमतीने त्यांची नव्याने घडी बसवावी, अशी त्रिविध मांडणी त्यांनी केली. २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा जगभरच्या परिचर्या-अभ्यासक्रमांत त्यांचे नाव होते.

लायनिंगर यांचे ऋण मोठे आहे, हे आधी मान्य करावे. परंतु त्यांच्या मांडणीत पाहणारी एक असते आणि पाहिला जाणारा दुसरा असतो. परिचारिका शिकते, नोंदी करते, समजून घेते. रुग्ण समजला जातो. संस्कृती ही जणू रुग्णाजवळ असलेली वस्तू, परिचारिकेजवळ मात्र केवळ ज्ञान. हीच दृष्टी पुढे पाठ्यपुस्तकांत उतरली तेव्हा तिच्या याद्या झाल्या : अमुक धर्माचा रुग्ण हे खात नाही, तमुक समाजातील स्त्री डोळ्याला डोळा भिडवीत नाही. या प्रकाराला त्याच क्षेत्रातील टीकाकारांनी पाककृतींच्या पुस्तकाची उपमा दिली. एखाद्या कादंबरीतील पात्राचे वर्णन त्याच्या जातीवरून आधीच ठरवून टाकणारा लेखक आपल्याला जसा खोटा वाटतो, तसेच हे.

या दृष्टीला खरे आव्हान मिळाले ते न्यूझीलंडमध्ये, ज्या भूमीला माओरी लोक आओतेआरोआ म्हणतात तेथे. ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी प्रमुख यांच्यात १८४० साली वाइतांगीचा करार झाला. त्याच्या इंग्रजी व माओरी संहितांतील तफावतीचा वाद आजही मिटलेला नाही. (दोन भाषांतील एकाच मजकुराने एका राष्ट्राचे राजकारण पावणेदोनशे वर्षे चालवावे, याचे उदाहरण भाषांतराच्या अभ्यासकांनी अवश्य पाहावे.) परिचारिकांची नोंदणी कायद्याने करणारा हा जगातील पहिला देश, तो कायदा १९०१चा. मात्र त्यानंतर सहाच वर्षांनी, १९०७ मध्ये, ‘तोहुंगा’ म्हणजे माओरी ज्ञानी-वैद्य यांच्या व्यवसायावर बंदी घालणारा कायदाही याच देशाने केला, आणि तो रद्द व्हायला १९६२ साल उजाडले. म्हणजे आजारी माओरी माणसाला त्याच्या भाषेत त्याचे दुखणे समजावून सांगणारा माणूस कायद्याने गुन्हेगार, आणि त्याच्याऐवजी जे रुग्णालय समोर आले त्याला त्याच्या भाषेतील काहीच कळत नाही. पहिल्या माओरी नोंदणीकृत परिचारिकांपैकी एक, आकेनेही हेइ, १९०८ मध्ये उत्तीर्ण झाल्या व आपल्या लोकांत काम करू लागल्या. १९१० साली विषमज्वराने आजारी असलेल्या आप्तांची शुश्रूषा करताना त्याच रोगाने त्या गेल्या. दोन्ही भाषा जाणणारी अशी माणसे फार थोडी होती.

रुग्णालयातील दुखावणारी गोष्ट क्वचितच मोठी असते. माओरी विचारात मस्तक ‘तापु’, म्हणजे आपल्या ‘सोवळे’ या शब्दाच्या काहीसे जवळचे. अन्न आणि शरीराचे मळ यांची गाठ पडू द्यायची नाही. डोक्याखालची उशी घाईच्या वेळी पायाखाली सरकवणारी परिचारिका कोणताही नियम मोडत नसते, आणि तरीही अंथरुणावरचा वृद्ध मान फिरवून घेतो. त्याहून खोल गोष्ट एका शब्दाची आहे. माओरी भाषेत ‘फेनुआ’ म्हणजे भूमी, आणि ‘फेनुआ’ म्हणजेच गर्भाची वार. बाळ जन्मले की वार कुळाच्या जमिनीत पुरायची, म्हणजे फेनुआ फेनुआला परत. जेथे आपली नाळ पुरली त्या गावाविषयी बोलणाऱ्या मराठी माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. विसाव्या शतकात बाळंतपणे रुग्णालयात होऊ लागली आणि वार हा शस्त्रक्रियेचा कचरा ठरला. तो जाळला जाई. त्यात कोणाचा दुष्टावा नव्हता. कोणी विचारले नव्हते, इतकेच. ज्यांची जमीन आधीच गेली होती त्यांच्या दृष्टीने त्या न विचारण्याचा अर्थ काय झाला असेल, तो या शब्दाच्या दुहेरीपणात वाचता येतो.

१९८८ हे वर्ष त्या देशाच्या वैद्यकीय इतिहासात दोन कारणांनी ध्यानात घेण्याजोगे आहे. ऑकलंडच्या स्त्री-रुग्णालयात १९६६ पासून एका डॉक्टरांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगपूर्व अवस्थेतील स्त्रियांवर पुरेसे उपचार न करता त्यांना केवळ निरीक्षणाखाली ठेवले होते, आणि आपल्यावर संशोधन चालू आहे हे त्या स्त्रियांना सांगितलेच नव्हते. सँड्रा कोनी व फिलिडा बंकल या दोघींनी जून १९८७ मध्ये एका मासिकात हे प्रकरण उघड केले. न्यायमूर्ती सिल्व्हिया कार्टराइट यांच्या चौकशीचा अहवाल १९८८च्या ऑगस्टमध्ये आला. रुग्णाला विचारायला हवे, ही गोष्ट त्या अहवालाने साऱ्या देशाच्या गळी उतरवली. त्याच वर्षी ख्राइस्टचर्च येथे माओरी परिचारिका व विद्यार्थिनी यांची एक ‘हुई’, म्हणजे सभा भरली होती. तिच्यात पहिल्या वर्षाची एक विद्यार्थिनी उठली आणि तिने विचारले की तुम्ही कायद्याची सुरक्षितता, नीतीची सुरक्षितता, उपचारातील सुरक्षितता हे सारे शिकवता, मग सांस्कृतिक सुरक्षिततेचे काय?  तो प्रश्न ऐकणाऱ्यांत इरिहापेती राम्सडेन होत्या.

राम्सडेन १९४६च्या. आई माओरी, न्गाइ ताहु आणि रांगिताने या कुळांची. वडील ‘पाकेहा’, म्हणजे युरोपीय वंशाचे, पत्रकार व इतिहासाचे लेखक. त्या आधी परिचारिका झाल्या, नंतर मानववंशशास्त्र शिकल्या. म्हणजे लायनिंगर यांचीच वाट. पण या वाटेवर त्या दुसऱ्या टोकाकडून चालत आल्या होत्या. ज्यांच्याविषयी नोंदी केल्या जातात त्यांच्यापैकी त्या होत्या. १९९० साली ‘कावा फाकारुरुहाउ’ या शीर्षकाची त्यांची पुस्तिका शिक्षण मंत्रालयाने काढली, आणि १९९२ मध्ये परिचर्या परिषदेने सांस्कृतिक सुरक्षितता हा शिक्षणाचा आवश्यक भाग ठरवला.

राम्सडेन यांचे म्हणणे थोडक्यात असे. संस्कृतीचे भान येणे ही पहिली पायरी, संवेदनशीलता ही दुसरी, आणि या दोन्ही परिचारिकेच्या मनात घडतात. सुरक्षितता ही तिसरी गोष्ट तिच्या मनात घडत नाही. ती झाली की नाही हे ज्याची शुश्रूषा झाली तो सांगणार. म्हणून विद्यार्थिनीने माओरींच्या चालीरीती पाठ करण्याची गरज नाही, किंबहुना तसे करणे धोक्याचे आहे, कारण शहरात वाढलेल्या ज्या माओरी तरुणाला स्वतःच्या चालीरीती ठाऊक नाहीत त्याला ती त्या शिकवू लागेल. तिने अभ्यासायचे ते स्वतःला : आपण कोणत्या घरातून आलो, आपल्याला स्वच्छता कशाला वाटते, लाज कशाची वाटते, आणि गणवेश चढवला की आपल्या हाती कोणती सत्ता येते. परिचारिका जुन्या काळापासून शपथपूर्वक सांगत आल्या की आम्ही वर्ण, पंथ काही न पाहता सेवा करतो. राम्सडेन यांनी या वाक्याची उलटापालट केली. भेद न पाहता नव्हे, भेद पाहून, भेदाचा मान ठेवून सेवा करा, असे त्या म्हणाल्या. ‘आम्ही जात पाहत नाही’ हे वाक्य कोणत्या घरांतून सहजपणे उच्चारले जाते, हे ज्या मराठी वाचकाने पाहिले आहे त्याला या उलटापालटीचे मोल वेगळे सांगायला नको.

याच ठिकाणी आपल्या इतिहासातील एक प्रकरण या मांडणीशी ताडून पाहावे असे आम्हाला वाटते. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात आर्थर रोडच्या रुग्णालयावर गिरणी कामगारांचा जमाव चालून गेला, कारण तेथे नेलेला माणूस परत येत नाही अशी लोकांची समजूत होती, आणि मृतांची संख्या पाहता ती निराधार नव्हती. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला. पुण्यात रँड यांच्या हाती कारभार गेला, गोरे सैनिक घरोघर तपासणीला शिरले, माणसे रुग्णालयात आणि विलग छावण्यांत नेली गेली, आणि २२ जूनच्या रात्री रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. हा भाग आपण शाळेत शिकतो. राजकीय इतिहास म्हणून शिकतो. रुग्णांचा इतिहास म्हणून नाही.

तसे वाचले तर दोन गोष्टी दिसतात. रूढींचा मान राखून तपासणी व्हावी, हे सरकारचेही कागदोपत्री म्हणणे होते. म्हणजे संवेदनशीलतेची भाषा तेव्हाही होती. नव्हता तो रुग्णाचा कौल मानण्याचा विचार. पंडिता रमाबाईंनी मे १८९७ मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रातून पुण्याच्या प्लेग रुग्णालयातील व छावणीतील स्त्रियांच्या स्थितीविषयी तक्रार केली. विलायतेत असलेल्या गोखल्यांनी पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे सैनिकांच्या अत्याचारांचा आरोप जाहीरपणे केला. रमाबाईंचे म्हणणे गव्हर्नरांनी खोटे ठरवले, आणि परत आल्यावर पुरावा द्यायला कोणी पुढे येईना म्हणून गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. ज्यांच्यावर प्रसंग गुदरला असेल त्या स्त्रिया साक्ष द्यायला का आल्या नसतील, हे समजायला संशोधनाची पदवी लागत नाही. पण अनुभव पुराव्याच्या रूपात आला नाही म्हणून तो घडलाच नाही असे ठरले, आणि ठरवणारे तेच होते ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती.

दुसरी गोष्ट आपल्याला अधिक अडचणीची आहे. सरकारी रुग्णालयात लोक जाईनात, तेव्हा मुंबईत वेगवेगळ्या ज्ञातींनी आपापली प्लेग-रुग्णालये उघडली, आणि पुण्यात टिळकांच्या पुढाकाराने हिंदूंसाठी रुग्णालय निघाले. पाणी आपल्या माणसाच्या हातचे, अन्न आपल्या चुलीवरचे, उशाशी आपल्या भाषेत बोलणारे कोणी. लोक तेथे विश्वासाने गेले आणि त्यांचे मरण अधिक माणुसकीचे झाले. लायनिंगर यांच्या कसोटीवर ही सांस्कृतिक दृष्ट्या जाणती शुश्रूषा होय. पण ज्ञातीनुसार आखलेल्या या सोयीत अस्पृश्यांची जागा कोठे होती? त्याच साथीत सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात दवाखाना चालवीत होते. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला स्वतः उचलून आणताना सावित्रीबाईंना संसर्ग झाला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्या मुलाच्या आणि त्याला उचलणाऱ्या स्त्रीच्या मध्ये जी ‘संस्कृती’ उभी होती तिचा मान राखायचा ठरवले असते, तर तो मुलगा तेथेच पडून राहिला असता. संस्कृती ही केवळ चालीरीतींची गोष्ट नाही, सत्तेची आहे, हे राम्सडेन यांनी शतकाच्या शेवटी जे सांगितले ते मुंढव्याच्या त्या वाटेवर कोणी न मांडताच करून दाखवले होते. आणि म्हणूनच आपल्याकडे ‘सांस्कृतिक संवेदनशीलता’ हा शब्द जसाच्या तसा आणण्याविषयी आम्ही साशंक आहोत. आपल्याकडे रूढींविषयी संवेदनशील असणे पुष्कळदा वरच्यांच्या रूढींविषयी संवेदनशील असणे ठरते.

न्यूझीलंडमध्ये मात्र १९९२ नंतर गदारोळ झाला. परिचारिकांना शरीरशास्त्राऐवजी राजकारण शिकवले जाते, गोऱ्या विद्यार्थिनींना अपराधी ठरवले जाते, असे वृत्तपत्रे लिहू लागली. एका विद्यार्थिनीला अभ्यासक्रमातून काढल्याचे प्रकरण १९९३ मध्ये गाजले. १९९५ मध्ये संसदेच्या समितीने चौकशी केली. १९९६च्या सुधारित मार्गदर्शिकेने संस्कृतीची व्याख्या रुंद केली. वय, लिंग, लैंगिकता, वर्ग, धर्म, अपंगत्व, स्थलांतर हे सारे तीत आले. ‘सुरक्षितता’ हा शब्द मात्र टिकला. व्याख्या रुंदावल्याने माओरींचा आणि कराराचा प्रश्न पातळ झाला, असा आक्षेप घेतला जातो, आणि त्यात तथ्य आहे. दुसऱ्या बाजूने पाहिले तर राम्सडेन यांच्या मूळ तर्कातच ही रुंदी होती : कसोटी जर सत्तेची असेल, तर सत्ता काही एकाच रेषेत चालत नाही.

आता संशोधनाविषयी. रुग्णांचे अनुभव गोळा करण्याच्या ज्या पद्धती परिचर्याशास्त्राने स्वीकारल्या त्या बहुतांशी युरोपीय तत्त्वज्ञानातील अनुभवमीमांसेतून आलेल्या आहेत. मुलाखत घ्यायची, ती शब्दशः उतरवायची, महत्त्वाची विधाने वेगळी काढायची, त्यांतून सूत्रे बांधायची. कोलायझी यांनी १९७८ मध्ये सांगितलेल्या पायऱ्यांत शेवटची पायरी अशी की काढलेला निष्कर्ष पुन्हा त्या माणसाकडे न्यायचा आणि विचारायचे, हे तुमचेच आहे ना? ही पायरी पुष्कळ संशोधक टाळतात, आणि काहींचे म्हणणे असे की तिचा उपयोग नाही, कारण माणूस भिडेने हो म्हणतो. आक्षेप खरा आहे. तरीही राम्सडेन यांच्या कौलाच्या जवळ येणारी तीच एक पायरी आहे.

मराठीत काम करणाऱ्यांपुढे आणखी एक अडचण आहे. आपला रुग्ण ‘जीव घाबरा होतो’ म्हणतो, ‘आतून वाफा निघतात’ म्हणतो, ‘पोटात कालवाकालव होते’, ‘कसंसंच होतंय’ म्हणतो. म्हातारी बाई ‘अंगात कस उरला नाही’ म्हणते. प्रबंध इंग्रजीत लिहायचा म्हणून यांतील निम्म्या वाक्यांचे भाषांतर एकाच शब्दात, चिंता या अर्थाच्या इंग्रजी शब्दात होते. मग सूत्र तयार होते : चिंता. जीव, आत, कस हे शब्द कोठे गेले? साहित्याच्या वर्गात असा सारांश कोणी कवितेचा केला तर आपण त्याला थांबवतो. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचर आणि रोगी. रोग्याच्या चार गुणांत ‘ज्ञापकत्व’, म्हणजे आपले दुखणे सांगता येणे, हा एक गुण आहे. परिचराच्या गुणांत उपचारांची जाण आहे, दक्षता आहे, अनुराग आहे, शुचिता आहे; ऐकणे स्वतंत्रपणे नाही. सांगण्याचा भार असा पूर्वीपासूनच आजाऱ्यावर आहे. आणि आजारी माणूस ज्या बोलीत सांगतो ती नोंदवहीच्या भाषेत बसत नाही, तेव्हा त्याला सांगता येत नाही असे ठरते. लिंडा तुहिवाइ स्मिथ यांनी १९९९ मध्ये मूलनिवासींच्या दृष्टीने संशोधनपद्धतींची जी परखड तपासणी केली, ती याच कारणाने आपल्या भाषा-विभागांतही वाचली गेली पाहिजे.

राम्सडेन यांनी आपला प्रबंध वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठाला २००२ मध्ये सादर केला. त्यात त्यांनी स्वतःचे बालपण, आईवडील, शिक्षण हे सारे आणले. तो सिद्धान्ताचा ग्रंथ आहे तितकाच आत्मचरित्राचाही. इतरांना स्वतःकडे पाहायला सांगणाऱ्या बाईने प्रथम स्वतःकडे पाहावे, हे सुसंगतच होते. तोवर त्या स्तनाच्या कर्करोगाने आजारी होत्या, म्हणजे ज्या अंथरुणाविषयी आयुष्यभर बोलल्या त्यावर त्याही आल्या होत्या. एप्रिल २००३ मध्ये, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. २०१९ साली त्या देशाच्या वैद्यक परिषदेने डॉक्टरांसाठीही सांस्कृतिक सुरक्षिततेचे धोरण स्वीकारले. माओरींच्या आरोग्यासाठी २०२२ मध्ये स्थापन झालेले स्वतंत्र प्राधिकरण मात्र सरकार बदलताच २०२४ मध्ये बंद करण्यात आले.

न्यूझीलंडच्या रुग्णालयांत आज भारतातून गेलेल्या परिचारिका मोठ्या संख्येने आहेत. केरळच्या सर्वाधिक, पण मराठी मुलीही आहेत. नोंदणीसाठी त्यांना सांस्कृतिक सुरक्षितता शिकावी लागते. राम्सडेन यांच्या मांडणीत परिचारिका ही सत्ता असलेली आणि रुग्ण हा सत्ता नसलेला. परंतु व्हिसाच्या मुदतीवर नजर ठेवून रात्रपाळी करणारी, उच्चारांवरून हसली जाणारी, एखाद्या पाकेहा रुग्णाने ‘दुसरी कोणी पाठवा’ असे तोंडावर सांगितलेली परिचारिका या मांडणीत कोठे बसते? तीच परिचारिका शेजारच्या खाटेवरील माओरी वृद्धेच्या दृष्टीने पुन्हा सत्ताधारीच असते. या दोन खाटांच्या मध्ये उभ्या असलेल्या बाईचे म्हणणे कोणी नोंदवले, आणि कोणत्या भाषेत, हे पाहायला हवे.